इंग्रजी शब्दांची कुळे



वरच्या इयत्तेत गेल्यावर इंग्रजी धड्यांतील मोठाले शब्द पाहून पुष्कळांची छाती दडपते. मग कोशाची पाने घोकण्याचा सपाटा सुरू होतो; परंतु परीक्षा संपताच सारे विस्मरणात जाते. यास उपाय असा की, शब्द सुटे न शिकता कुळवार शिकावे.

'हार' यास उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार असे शब्द होतात, हे आपण जाणतोच. इंग्रजीतही तसेच आहे. लॅटिन मूळ 'पोर्ट' म्हणजे वाहणे. 'इम्' म्हणजे आत, 'एक्स्' म्हणजे बाहेर, 'ट्रान्स्' म्हणजे पलीकडे. म्हणून इम्पोर्ट ही आयात, एक्स्पोर्ट ही निर्यात व ट्रान्स्पोर्ट ही वाहतूक.

आपल्या नगरच्या किल्ल्यात बंदिवासात असता पंडित नेहरूंनी १९४४ साली 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. 'कव्हर' म्हणजे झाकण; ते दूर सारणे हीच 'डिस्कव्हरी', म्हणजे शोध!

मात्र केवळ तर्कावर विसंबू नये. 'इन्' नकारार्थी म्हणून 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल, असे कोणी लिहिल्यास अनर्थ होईल. त्याचा अर्थ 'अमूल्य' असा आहे. यास्तव कोश पाहून खातरजमा करावी.

रोज तीनच शब्द वहीत उतरून घ्यावे व प्रत्येकाचे स्वतः वाक्य रचावे. पालकांस इंग्रजी येत नसले तरी चिंता नाही. मुलाने त्यांस अर्थ मराठीत सांगावा. जो शब्द आईस समजावून देता येतो, तोच खरा आपला झाला.