क्रूझवरच्या जेवणाला मुलांचा पोशाख

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून मुंबई-गोवा क्रूझला जाणार आहोत. मुलगे 9 आणि 14 वर्षांचे. रात्रीच्या जेवणाला सूट-टाय लागेल का?
– एक वाचक, पाथरी

उत्तर : मुळीच नाही. टाय-कोटाच्या रात्री क्युनार्डसारख्या परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर असतात. आपल्याकडे कॉलरचा शर्ट, फुल पँट आणि बंद बूट पुरे. मागच्या लग्नसराईत शिवलेला कुर्ता-पायजमा असेल तर तोच न्या. मला तर तो कोटापेक्षा उजवा वाटतो. पोहण्याचे ओले कपडे, बनियन आणि रबरी सपाता मात्र जेवणाच्या हॉलमध्ये नकोत. एसीचा गारठा असतो, म्हणून धाकट्यासाठी पूर्ण बाह्यांचं काहीतरी असू द्या.

खरी अडचण वेगळीच. बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला कधी कधी संध्याकाळ होते. त्यामुळे पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. आगीच्या भीतीने जहाजांवर इस्त्री सहसा नेऊ देत नाहीत, तेव्हा मानवत रोड स्टेशनवर गाडीत बसण्याआधीच चुरगळणार नाहीत असे कपडे निवडा. थोरल्याची निवड त्याच्यावरच सोडा, नाहीतर फोटोत तोंड फुगलेलं दिसेल!