रांजणवाडी आली? फोडू नका, शेका!



हजेरी घेताना एखादं मूल डोळ्यावर रुमाल धरून बसलेलं दिसतं. रुमाल काढला की पापणीच्या कडेला लाल, दुखरी पुळी! हीच रांजणवाडी. आपल्या कोल्हारमधून नगर-मनमाड रस्ता जातो. धुळीने डोळे चुरचुरतात आणि मुलं मळक्या हातांनीच ते चोळतात.

रांजणवाडी का होते?
पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक तेलग्रंथी असतात. ग्रंथीचे तोंड बंद झाले की आत जंतू वाढतात आणि पू धरतो. हे बहुधा स्टॅफिलोकोकस जंतू असतात. ते आपल्या त्वचेवर आणि नाकात एरवीही राहतात; हातावाटे डोळ्यांत जातात.

घरी काय करावे?
१) साबणाने हात धुवा.
२) स्वच्छ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून पिळा. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, चटका बसता कामा नये.
३) मिटलेल्या पापणीवर १० मिनिटे शेक द्या. दिवसातून ३-४ वेळा. कापड गार झाले की पुन्हा भिजवा.
४) दर वेळी धुतलेले कापड घ्या. मुलाचा टॉवेल, रुमाल वेगळा ठेवा.

शेकाने ग्रंथीचे तोंड मोकळे होते. बहुतेक रांजणवाड्या आठवडाभरात बऱ्या होतात.

काय करू नये?
"पिकलीय, दाबून टाक" असं घरात कुणीतरी म्हणतंच. ऐकू नका! दाबल्याने जंतू आत पसरतात. तळहातावर बोट घासून लावल्याने ऊब मिळते खरी, पण हाताची घाणही जाते. काजळ, लसूण, चुना किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांचे उरलेले थेंब अजिबात नकोत.

डॉक्टरांकडे कधी?
पूर्ण पापणी सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखू लागला, अंधुक दिसू लागले किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी न्या. सूज डोळ्याच्या खोबणीत उतरली तर नजरेला धोका असतो. जवळच लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे. आठवड्यात उतार पडला नाही तरीही दाखवा.

शिक्षकांनो, रांजणवाडी म्हणजे डोळे येणे नव्हे. मुलाला घरी पाठवू नका, वेगळे बसवू नका. मात्र कुणाला ती वारंवार होत असेल, तर ते मूल डोळे का चोळतं ते बघा. कदाचित त्याला फळ्यावरचं दिसत नसेल, चष्मा लागला असेल!