तुझ्या चार अक्षरांविषयी

साकोली, जि. भंडारा

चि. सोनू,


तुझे दोन्ही कागद मिळाले. एक ऑटिझमच्या निदानाचा आणि दुसरा त्या फुकटच्या व्यक्तिमत्त्व चाचणीचा, ज्यात तू 'आयएनटीजे' ठरली आहेस. निदानाबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास आणि चाचणीबद्दल दोन पाने. म्हणून मीही चाचणीपासूनच सुरुवात करते.

सव्विसाव्या वर्षी आपण स्वमग्न आहोत असे कळल्यावर माणूस स्वतःला पुन्हा पहिल्यापासून तपासू लागतो, यात नवल नाही. पण ज्या मापाने तपासतेस त्याची कुळकथा तुला ठाऊक असावी. कार्ल युंगचे मानसिक प्रकारांवरचे पुस्तक १९२१ साली आले. ते वाचून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक प्रश्नावली तयार केली. तेव्हा कारखान्यांत नव्याने कामाला लागलेल्या बायकांना आपापल्या स्वभावाजोगे काम मिळावे, असा त्यांचा चांगला हेतू होता. गोची मापात आहे. बहुतेक माणसे कोणत्याही गुणात मधेच कुठेतरी असतात, टोकाला थोडीच. रेघेच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक, दोघींत फरक नखाएवढा, तरी अक्षरे वेगळी. म्हणून तर तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की पुष्कळांचे एखादे अक्षर बदलते.

"पण मावशी, वर्णन हुबेहूब माझेच आहे," असे तू लिहितेस. बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती 'त्याचे' वर्णन ठेवले. अचूकतेला मुलांनी ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होते, आणि ते त्याने भविष्याच्या पुस्तकातून जमवले होते! कनिष्ठ महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवताना हा प्रयोग सांगितला की वर्ग हसायचा, आणि तासानंतर त्यातलेच कोणी येऊन स्वतःची रास सांगायचे. माझ्या पत्रिकेत राक्षसगण निघाला तेव्हापासून माझ्या प्रत्येक वादाचे कारण आपल्या घरच्यांना आयतेच सापडत आले आहे.

एवढे तर कोणालाही लागू. तुझ्या बाबतीत अडचण आणखी खोल जाते. चाचणी विचारते, तुला काय आवडते. तू उत्तर देतेस ते तुला काय झेपते याचे.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला तू इकडे यायचीस, आठवते? झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचे ते पहाटेपर्यंत. मंडपात मधोमध बसवले की कानांवर हात घट्ट दाबून रडायचीस. भोंग्यापासून लांब, कडेला माझ्या शालीत बसवले की डोळ्याला डोळा लावायची नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी खलनायकाचे सगळे संवाद भेटेल त्याला ऐकवायचीस, अगदी किराणावाल्यालासुद्धा. आता सांग, ही मुलगी अंतर्मुख की बहिर्मुख? तिला माणसे हवी होती. भोंगा नको होता. "गर्दीच्या कार्यक्रमांत तुम्हाला मजा येते का?" या प्रश्नाला तू 'नाही' म्हणालीस आणि चाचणीने तुझ्यापुढे पहिले अक्षर मांडले, अंतर्मुखाचे. आवाज, उजेड, स्पर्श कमी-जास्त जाणवणे हा ऑटिझमच्या निदानाचा एक निकष म्हणून डीएसएम या मानसिक निदानाच्या पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत २०१३ साली आला. स्वभावाच्या चाचण्यांना अजून त्याची दाद नाही.

तिसऱ्या अक्षराचेही तसेच. तू भावनेपेक्षा विचाराने चालतेस, असे ते म्हणते. मला हे पटत नाही. आजोबा गेले तेव्हा तू रडली नाहीस, दोन दिवस पोट दुखते म्हणत राहिलीस. ऑटिझम असलेल्या प्रौढांपैकी साधारण निम्म्यांना स्वतःला नेमके काय वाटते आहे ते ओळखून सांगणे अवघड जाते, असे संशोधनात दिसते. भावना असते, तिचे नाव वेळेवर सापडत नाही. अशा माणसाने प्रश्नावलीत 'विचार' या बाजूला खूण केली तर त्यावरून तो कोरडा ठरत नाही. आणि चौथे अक्षर, शिस्तीचे? ऐनवेळी बेत बदलला की तुझा दिवस उधळतो, म्हणून तू सगळे आधी आखून ठेवतेस. हा बचाव आहे. त्याला आवड म्हणायचे की नाही, ते तूच ठरव.

याहून मोठा प्रश्न, उत्तरे दिली कोणी? ऑफिसात बोलण्याआधी वाक्ये मनात घोकणारी, समोरच्याच्या भुवयांकडे पाहून डोळ्यांत पाहिल्यासारखे करणारी, दुसरे हसले की हसणारी सोनू? या झाकून वावरण्यावर आता बराच अभ्यास झाला आहे. जे सतत असे करतात त्यांच्यात चिंता आणि नैराश्य जास्त आढळते. मुलींना हे लवकर जमते, म्हणून त्या उशिरा ओळखल्या जातात. लिओ कॅनरने १९४३ साली ज्या ११ मुलांचे वर्णन केले त्यांत मुली ३ होत्या; पुढे कित्येक वर्षे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर मुलगाच राहिला. तू चाचणीला बसलीस तेव्हा तो मुखवटा काढून बसली होतीस का, हे तुलाही सांगता येणार नाही.

मग स्वतःला ओळखायचे कसे? सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र कळते. धानाच्या कोणत्या बांधीत पाणी टिकत नाही ते धुऱ्यावरून फिरल्याशिवाय कळत नाही. तेव्हा महिनाभर एक वही ठेव. 'मी कशी आहे' हे त्यात लिहायचे नाही. कुठे होतीस, कोणाबरोबर, किती वेळ, आधी कळवले होते का, दिवे कसले होते, जेवली होतीस का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कसे होते, एवढेच. भावनेचे नाव सुचले नाही तर शरीराचे लिही: जबडा, पोट, खांदे. 'मला मीटिंग आवडत नाहीत' या वाक्याच्या जागी 'तिघांपेक्षा जास्त माणसे एकदम बोलली की मला शब्द लागत नाहीत' असे काहीतरी निघेल. पहिल्या वाक्याचे साहेब काय करणार? दुसऱ्यावर उपाय आहे.

अक्षरे टाकूनच दे असे मी म्हणत नाही. त्यांच्या निमित्ताने तुला चार मैत्रिणी मिळाल्या, ज्यांच्याशी बोलताना धाप लागत नाही, त्या जप. धाप का लागत नाही, याचेही उत्तर आहे. डेमियन मिल्टन हा स्वतः ऑटिझम असलेला ब्रिटिश अभ्यासक. न समजणे हे दोन्हीकडून असते, एकाच बाजूची ती उणीव नव्हे, असे त्याने २०१२ मध्ये मांडले. नंतरच्या एका प्रयोगात स्वमग्न माणसांनी एकमेकांना सांगितलेली गोष्ट इतरांइतकीच शाबूत पोचली. गळती झाली ती मिश्र गटांत. मात्र नोकरी सोडताना, स्थळ पाहताना 'मी आयएनटीजे आहे ना' हे कारण देऊ नकोस. आणि ऑटिझमचीही नवी रास करू नकोस. तुझा हट्टीपणा ऑटिझममुळे नाही, तो आपल्या घराण्याचा आहे.

प्रमाणपत्राचे विचारलेस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम येतो. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन होतो. खासगी कंपनीलाही समान संधी धोरण करणे या कायद्याने बंधनकारक आहे. तुझ्या कंपनीचे आधी मागून वाच, मग काय सांगायचे आणि किती ते ठरव. लेखी सूचना आणि कोपऱ्यातली जागा मागायला प्रमाणपत्राची वाट पाहायला नको.

राहिली तुझी आई. ती 'स्वभावच आहे पोरीचा' म्हणत राहील, तिच्याशी मी बोलते. तू बोलू नकोस, तुझ्या तोंडून तिला ते निमित्त वाटेल. लाखनीच्या लग्नाला हळदीपासून ये, वरातीच्या डीजेला थांबू नकोस. माडीवरची मागची खोली तुझ्यासाठी ठेवायला सांगितली आहे, आतून कडी आहे. कोणी विचारले तर मावशीने कामाला लावले आहे म्हण. अक्षता निवडायच्याच आहेत.

तुझी,
मावशी