छातीवरील चाव्याच्या जखमा आणि त्यांची नोंद

रुग्णालयाचा अहवाल हाती आल्यावर आपले देणगीदार व विश्वस्त प्रथम जमाखर्च पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु रुग्णालयात आणखी एक हिशेब रोज लिहिला जातो, तो केसपेपरवर. त्याचे महत्त्व कळावे म्हणून या वर्षी छातीच्या भिंतीवरील चाव्याच्या जखमा हा लहानसा विषय निवडला आहे. अशा जखमा हातापायांवरील चाव्यांच्या मानाने थोड्या असतात. मात्र नोंदीतील उणीव त्यांत लवकर उघडी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने रोग व इजा यांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, १९९० साली स्वीकारली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे; येथे दिलेले क्रमांक परिचित अशा दहाव्या आवृत्तीतील आहेत. छातीच्या उघड्या जखमेचे खाते एस २१. त्यात स्तनावरील जखम २१.०, पुढील बाजूची २१.१ आणि पाठीकडील २१.२. केवळ ओरखडा किंवा मुका मार असेल तर खाते बदलते, ते एस २०. ही झाली इजेची बाजू. दुसऱ्या बाजूला कारण लिहावे लागते : कुत्रा डब्ल्यू ५४, अन्य सस्तन प्राणी डब्ल्यू ५५, विषारी साप एक्स २०. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही दुहेरी नोंद पद्धती लगेच समजते. एक बाजू कोरी राहिली तर खतावणी जुळत नाही.

क्रमांक देणारा लिपिक रुग्णाला पाहत नाही. त्याच्यासमोर डॉक्टरांचे अक्षर असते, तेच त्याचे व्हाउचर. त्यावर केवळ ‘छातीला चावा’ एवढेच असेल, तर लिपिकाला एस २१.९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’, याखेरीज काही लिहिता येत नाही. बाजू कोणती, दातांच्या खुणा किती, लांबी-खोली किती, जखम फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गेली आहे का, हे तपासणाऱ्यानेच त्या वेळी लिहावयाचे असते. लहान मुलाच्या छातीची भिंत पातळ असते. बाहेरून बारीक दिसणाऱ्या छिद्रातून दात आत गेला, तर छातीच्या पोकळीत हवा शिरू शकते. म्हणून श्वासाची गती आणि एक्स-रेचा निष्कर्ष हेही त्याच कागदावर हवेत.

कुत्र्याच्या चाव्यात कातडी फाटून रक्त आले असेल, तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम होय. साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, जखमेत व तिच्याभोवती प्रतिद्रव्य टोचणे आणि लसीची मालिका, असा तिचा उपचार आहे. श्रेणी लिहिली नाही, तर दुसऱ्या पाळीतील डॉक्टरांना प्रतिद्रव्य दिले की नाही हे कळत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे ही नोंद जखमेच्या पहिल्या दिवशीच व्हावी लागते.

आपल्या वेदगंगेच्या काठी उसाची शेते दूरवर पसरलेली आहेत. तोडणीच्या हंगामात बाहेरून आलेली कुटुंबे खोपीत जमिनीवर झोपतात. मण्यार हा साप रात्री अंथरुणात शिरतो आणि झोपलेल्या माणसाच्या छातीला वा पोटालाही चावू शकतो. खूण जवळजवळ दिसत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात. अशा वेळी कागदावर ‘किडा चावला’ असे लिहिले गेले, तर क्रमांक निरुपद्रवी कीटकांचा पडतो आणि प्रतिविषाचा विचारच लांबतो. पुढे देशाच्या आकडेवारीतही तो साप उरत नाही. घरोघरी विचारपूस करून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात २००५ या एका वर्षातील भारतातील सर्पदंशाचे मृत्यू सुमारे ४६,००० असल्याचा अंदाज आला; रुग्णालयांच्या नोंदींतील संख्या त्याच्या जवळपासही नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची सक्तीने नोंद करण्याबाबत राज्यांना लिहिले. हे पाऊल बरेच आधी पडावयास हवे होते, असे माझे मत आहे.

माणसाचा चावा हा आणखी नाजूक विषय. ती मारहाण असेल, तर क्रमांक वाय ०४ आणि प्रकरण पोलिसांकडे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणात पीडितेच्या शरीरावरील दंतखुणांच्या छायाचित्रांची तपासणी धारवाडच्या दंत महाविद्यालयात झाली, आणि मे २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात तो पुरावा विचारात घेतला गेला. दंतखुणांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राविषयी परदेशांत शंका घेतल्या जातात, हे खरे. तरीही मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र आणि जखम धुण्यापूर्वी घेतलेला लाळेचा नमुना यांची उणीव पुढे भरून काढता येत नाही.

आता कुटुंबाच्या हिताची गोष्ट. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये भटक्या जनावरांच्या प्रकरणी दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये भरपाई ठरविली. तो आदेश आपल्या राज्याचा नाही. परंतु खुणा मोजून लिहिण्याला काय मोल येऊ शकते, हे त्यावरून दिसते. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच असेल, तर त्या वारसांनी काय दाखवावे? हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. ‘मण्यारीचा दंश, त्यामुळे श्वसनाच्या स्नायूंचा पक्षाघात’ असा क्रम लिहिलेला असला, तर दाखला उपयोगी पडतो.

नातेवाइकांना विनंती आहे की, चावणारा प्राणी, वेळ, जागा आणि घरी केलेले उपाय तपासणीच्या वेळीच सांगावेत. साप मारून किंवा पकडून आणण्याच्या फंदात पडू नये. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावरील छातीची बाजू, प्राण्याचे नाव व लसीच्या तारखा वाचून पाहाव्यात आणि त्यांत चूक आढळल्यास काउंटर सोडण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी.