गळ्यावरची गाठ आणि रिपोर्टची वाट

थायरॉइडची गाठ पुष्कळदा आपल्याआधी दुसऱ्याच कुणाच्या तरी नजरेस पडते. ब्लाउजचे माप घेताना शिवणकाम करणारी बाई विचारते, "ताई, हे गळ्यापाशी काय वर आलंय?" पुरुषांना ती दाढी करताना आरशात दिसते. अलीकडे तर मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी किंवा अपघातानंतरचा सी.टी. स्कॅन काढला की त्यात ध्यानीमनी नसताना एखादी गाठ सापडते. ती दुखत नसते, ताप नसतो, कामधंद्यात काही अडत नसते. पण त्या दिवसापासून घरातली झोप उडते. 'गाठ' म्हटले की काय मनात येते ते सर्वांनाच ठाऊक असते. मात्र तो शब्द कुणी उच्चारत नाही.

मी जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रियेचा व्यवसाय करतो. असे रुग्ण मी नेहमी पाहतो आणि माझा अनुभव असा की, गाठीपेक्षा गाठ सापडल्यापासून रिपोर्ट हाती येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे त्यांना जास्त जड जातात. आजचा लेख त्या आठवड्यांविषयी आहे.

प्रथम ही ग्रंथी कुठे असते ते पाहू. थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेच्या पुढे फुलपाखरासारखी बसलेली असते. तिचे वजन सुमारे वीस ग्रॅम. ती स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला चिकटलेली असल्यामुळे आपण आवंढा गिळला की वर सरकते. म्हणून आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट घ्या. गाठ घोटाबरोबर वर जाऊन खाली आली तर ती बहुधा थायरॉइडची. मानेच्या बाजूला असलेली आणि गिळताना न हलणारी गाठ बहुधा लसिका ग्रंथीची असते. तिचे कारण दात, घसा किंवा क्षयरोग असू शकते. जुन्या माणसांचे 'गलगंड' आणि 'गंडमाळ' हे शब्द याच दोन वेगळ्या गोष्टींसाठी होते. आज लोक दोहोंना एकच समजतात आणि मग एकाचे औषध दुसऱ्यावर चालू होते.

आता धीर देणारी गोष्ट. पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या भागातही शंभरातल्या सुमारे पाच स्त्रियांना आणि एका पुरुषाला थायरॉइडची गाठ हाताला लागते. सोनोग्राफीने शोधायला गेले तर वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरात १९ पासून ६८ जणांपर्यंत गाठी सापडल्या आहेत. म्हणजे वयस्क माणसांनी भरलेल्या एस.टी.च्या गाडीत अशी गाठ बाळगणारे कितीतरी प्रवासी बसलेले असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. तपासलेल्या गाठींपैकी कर्करोगाच्या निघतात त्या शंभरात सात ते पंधरा. वय, लिंग आणि लहानपणी मानेला किरणोपचार झाले होते की नाही यावर हा आकडा कमीजास्त होतो. उरलेल्या गाठी साध्या असतात.

म्हणून वाट पाहायला हरकत नसते. थायरॉइडचे बहुतेक कर्करोगसुद्धा इतके सावकाश वाढतात की तपासण्यांत तीन-चार आठवडे गेले तर परिणामात फरक पडत नाही. परंतु वाट पाहणे वेगळे आणि टाळणे वेगळे. एका गावाहून बावीस वर्षांची मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. आईला गाठ दीड वर्षापूर्वीच दिसली होती. पण स्थळे पाहणे चालू होते, म्हणून मुलीला बंद गळ्याचे कपडे शिवले गेले आणि गाठीवर कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा लावला गेला. बिब्ब्याने कातडी भाजली, गाठ होती तिथेच राहिली. "आधी लग्न उरकू द्या डॉक्टर, मग तिच्या घरचे बघतील," असे ती माउली मला म्हणाली. तपासणीत कर्करोग निघाला आणि तोवर तो मानेच्या लसिका ग्रंथींतही पोचलेला होता. शस्त्रक्रिया मोठी करावी लागली. मुलगी आज ठीक आहे, तिचे लग्नही झाले आहे. मात्र ज्याला त्या घरात 'थांबणे' म्हणत होते ते थांबणे नव्हते. तारीख ठरलेली असते ते वाट पाहणे. ज्याला तारीख नाही ते टाळणे.

काही खुणा असतील तर तीन आठवडेसुद्धा थांबू नये: गाठ आठवड्या-दोन आठवड्यांत डोळ्यांदेखत वाढणे (विशेषतः उतारवयात), आवाज घोगरा होऊन तसाच राहणे, घास किंवा श्वास अडकणे, गाठ दगडासारखी कठीण व न हलणारी असणे. रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगावे. एका रात्रीत आलेली दुखरी गाठ मात्र पाहून वाटते तेवढी भयंकर नसते. बऱ्याचदा जुन्याच साध्या गाठीच्या पोटात रक्त उतरलेले असते आणि काही आठवड्यांत ते ओसरते. तरीही दाखवावे हे आलेच.

तपासण्यांना एक क्रम आहे. सुरुवात टी.एस.एच.च्या रक्ततपासणीने होते. येथे फार मोठा गैरसमज आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की लोक म्हणतात, "थायरॉइड नाही निघाला," आणि परत येतच नाहीत. ही तपासणी ग्रंथी काम किती करते ते सांगते. गाठ कशाची आहे ते सांगत नाही. बहुतेक गाठींत, कर्करोगाच्यासुद्धा, टी.एस.एच. नॉर्मलच असते. ते कमी आले तर गाठ स्वतःच जादा संप्रेरक तयार करते का हे पाहण्यासाठी किरणोत्सर्गी द्रव्याचा स्कॅन करतात. अशी जादा काम करणारी गाठ क्वचितच कर्करोगाची असते. हा स्कॅन गरोदरपणी करीत नाहीत. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. त्यामुळे आकडे फसवे येऊ शकतात.

त्यानंतर मानेची सोनोग्राफी. तिच्यात गाठीचा आकार, कडा, आतील चुन्याचे बारीक कण आणि बाजूच्या लसिका ग्रंथी पाहतात. निव्वळ पाण्याने भरलेली किंवा स्पंजासारखी जाळीदार गाठ साधी समजतात. उभी वाढलेली, वेड्यावाकड्या कडांची, बारीक कणांची गाठ संशयास्पद. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'टायरॅड्स' असा शब्द आणि एकपासून पाचपर्यंतचा आकडा असतो. तो संशयाची पायरी दाखवतो. पुष्कळ जण त्याला कर्करोगाची 'स्टेज' समजून माझ्यासमोर रडू लागतात. तसे मुळीच नाही. २०१७ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने ठरवलेल्या पद्धतीत तिसऱ्या पायरीच्या गाठीला अडीच सेंटिमीटरच्या पुढे, चौथ्या पायरीच्या गाठीला दीडच्या पुढे आणि पाचव्या पायरीच्या गाठीला एकच्या पुढे सुईची तपासणी सुचवली आहे. म्हणून तुमच्या शेजारणीची सुई झाली आणि तुम्हाला डॉक्टर नको म्हणाले, तर त्यात हयगय झाली असे धरू नका.

सुईची तपासणी म्हणजे एफ.एन.ए.सी. हिची भीती नावामुळे जास्त वाटते. सुई रक्त घेण्याच्या सुईसारखीच, बहुधा तिच्याहूनही बारीक असते. खांद्याखाली उशी ठेवून झोपवतात, दोन-चार वेळा टोचून पेशी काढतात. त्या काही क्षणांत बोलायचे नाही आणि आवंढा गिळायचा नाही, एवढेच सांभाळायचे. दहा-पंधरा मिनिटांत आटोपते आणि घरी जाता येते. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या रुग्णाला ते महागात पडते. "सुई लावली की गाठ चेकाळते आणि अंगभर पसरते" हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. सुईच्या वाटेने थायरॉइडचा कर्करोग पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. या भीतीपायी तपासणी सोडणे हा वेडेपणा आहे, असे मी स्पष्टच म्हणतो.

रिपोर्ट सहा गटांपैकी एकात येतो. या पद्धतीला अमेरिकेतील बेथेस्डा गावाचे नाव आहे. तिथे २००७ साली तज्ज्ञांनी ती ठरवली आणि २०२३ साली तिची तिसरी आवृत्ती आली. पहिला गट म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, सुई पुन्हा लावावी. त्याचा अर्थ 'वाईट' असा नाही. दुसरा गट साध्या गाठीचा, आणि सर्वांत जास्त रिपोर्ट याच गटात येतात. पाचवा म्हणजे दाट संशय आणि सहावा म्हणजे कर्करोग. खरी अडचण मधल्या दोन गटांची. तिसऱ्यात पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण निर्णय देता येत नाही. बहुधा सुई पुन्हा लावतात. चौथ्या गटातील गाठ साधी की कर्करोगाची हे सुईवरून सांगताच येत नाही, कारण फरक पेशींत नसून, त्या गाठीच्या वेष्टनातून बाहेर पडल्या आहेत की नाही यात असतो. त्यासाठी बहुधा अर्धी ग्रंथी काढून संपूर्ण गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. अशा वेळी रुग्ण चिडतो, "एवढे पैसे घालून तुम्हाला कळलं नाही?" त्याचा राग मला समजतो. तपासणीची हद्द तेवढीच आहे, हे मी त्याला कागदावर गोल काढून समजावतो.

आणि समजा, सहावा गट आला. यातही बहुतेक रुग्णांना 'पॅपिलरी' जातीचा कर्करोग असतो. वेळेवर उपचार झाल्यास त्यातले बहुसंख्य रुग्ण पुढचे आयुष्य नेहमीसारखे जगतात. गरज पडल्यास किरणोत्सर्गी आयोडीन देता येते. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. जपानमध्ये कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची लक्षणे नसलेल्या अशा गाठी न कापता नुसत्या नजरेखाली ठेवल्या आणि त्यांतल्या बहुतेक वर्षानुवर्षे वाढल्या नाहीत. उलट दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या माना सरसकट सोनोग्राफीने तपासल्या गेल्या. २०११ साली तिथे थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले होते, मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले होते. हजारो लोकांवर, कदाचित गरज नसलेली, शस्त्रक्रिया झाली. शिबिरात फुकट होते म्हणून काही तक्रार नसताना मानेची सोनोग्राफी करून घेऊ नये असे मी सांगतो ते यामुळे.

आता मधल्या दिवसांत काय करावे? गाठ दिवसातून वीस वेळा चाचपू नका. दाबून दाबून ती हुळहुळी होते आणि मग 'वाढली' असे वाटू लागते. रात्री घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, ते बहुधा काळजीमुळे. रिकामा आवंढा अडतो पण भाकरीचा घास सरळ उतरतो, अशी त्याची खूण आहे. मालिश, लेप, डाग देणे पूर्ण वर्ज्य. गाठ विरघळवण्यासाठी थायरॉइडची गोळी घेण्याची पद्धत आता मागे पडली आहे. आयोडीनयुक्त मीठ सोडून सैंधवावर जाऊ नका, तसेच आयोडीनचे थेंबही आपल्या मनाने घेऊ नका. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला हरकत नाही. मध्यरात्री मोबाइलवर शोधत बसण्याऐवजी मनात येतील ते प्रश्न वहीत लिहा आणि वही घेऊन या. शेतावर, शाळेत, दुकानात जाणे चालू ठेवा. रिकामे बसलेले मन गाठीभोवतीच फिरत राहते.

नातेवाइकांना मात्र एक सांगायचे आहे. "रिपोर्ट आधी मला दाखवा, हिला काही कळू देऊ नका," असे नवरे आणि मुलगे मला दाराआड गाठून सांगतात. त्यामागची माया खोटी नसते. पण घरात कुजबूज चालू आहे, आपण आलो की बोलणे थांबते, हे त्या बाईला पहिल्याच दिवशी कळते. मग ती सहाव्या गटाहूनही भयंकर काहीतरी मनात धरून बसते, आणि पुष्कळदा तिचा रिपोर्ट दुसऱ्या गटाचा असतो! माझ्याकडे रिपोर्ट ज्याची गाठ त्याच्यासमोर उघडला जातो. बरोबर एकच माणूस आणावे, शक्यतो कमी बोलणारे आणि नीट ऐकणारे. सोनोग्राफीच्या फिल्मसुद्धा आणाव्यात, नुसता कागद नको. रिपोर्ट साधा असला तर सोनोग्राफी पुन्हा केव्हा करायची, तेही त्याच भेटीत लिहून घ्यावे. बहुतेकांना वर्ष ते दोन वर्षांनी.

शस्त्रक्रियेने आवाज जातो का आणि नंतर गोळी जन्मभर घ्यावी लागते का, असे काही वाचकांनी पत्राने विचारले आहे. त्याविषयी पुढील आठवड्यात.