अपघातग्रस्त रुग्णाचा पहिला तास



जमाखर्चाचे तक्ते या अहवालात अन्यत्र दिलेच आहेत. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा अधिकार त्याचा नव्हे. परंतु अपघात विभागाच्या दाराशी ताटकळणाऱ्या नातेवाइकांचे प्रश्न प्रथम आमच्याच टेबलाशी येतात. त्यांची उत्तरे आमच्या डॉक्टरमंडळींकडून समजून घेता घेता जे उमगले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

आपला यवतमाळ जिल्हा सोळा तालुक्यांचा. पांढरकवड्यावरून आदिलाबादकडे जाणारा महामार्ग, उमरखेड-महागाव-आर्णीवरून यवतमाळला येणारा तुळजापूर-नागपूर रस्ता, वणी परिसरातील कोळशाचे ट्रक आणि हंगामात कापसाने शिगोशीग भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या. अशाच एका ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून जखमी झालेल्या तरुणाला एका सायंकाळी आपल्याकडे आणले. मांडीचे हाड मोडून पाय वाकडा झालेला. थोड्याच वेळात त्याचे वडील संतापून माझ्यापुढे उभे राहिले. "सायेब, पोराचा पाय लटकून रायला, अन् डॉक्टर त्याच्या तोंडातच पाहून रायले!"

त्यांचा संताप स्वाभाविक होता. डोळ्यांना जे भयंकर दिसते तेच प्राणघातक, असे आपण सारेच समजतो. वास्तविक त्या मुलाच्या तोंडात रक्त व तुटलेले दात साचले होते आणि छातीची एक बाजू श्वासासरशी हलत नव्हती. श्वासाची वाट बंद झाली तर माणूस काही मिनिटांत जातो; मोडलेला पाय तेवढा वेळ थांबू शकतो. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, ज्या देण्याची मुदत आधी संपते ते आधी फेडायचे; रक्कम कोणती मोठी दिसते हे पाहायचे नाही.

हा क्रम आज जगभर शिकविला जातो, आणि त्याचा उगम एका ग्रामीण भागातील दुर्घटनेत आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली. ते स्वतः व चारही मुले जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मिळालेले उपचार त्यांना अपुरे व विस्कळीत वाटले. त्यातून १९७८ साली तेथे पहिला प्रशिक्षणवर्ग झाला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने तो स्वीकारला. मोठ्या शहरातील सुसज्ज रुग्णालयापेक्षा आपल्यासारख्यांना तो अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे.

क्रम असा. जखमेतून रक्त धो धो वाहत असेल तर ते आधी दाबून थांबवायचे. मग श्वासमार्ग मोकळा करायचा. त्याच वेळी मान हलू द्यायची नाही, कारण मणक्याला इजा असल्यास एका हिसक्याने हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. नंतर श्वसन. त्या तरुणाच्या फुप्फुसाभोवती हवा कोंडली होती. छातीत नळी घालताच ती बाहेर पडली. एक्स-रेची वाट पाहिली नाही, कारण अशा स्थितीत ती पाहायची नसते. त्यानंतर नाडी, रक्तदाब व आतला रक्तस्राव. येथे वडिलांच्या म्हणण्यातही तथ्य होते: मांडीच्या हाडाभोवती लिटरभर, कधी त्याहून अधिक रक्त साचू शकते. म्हणून पाय ताणून सरळ करून फळीला बांधणे याच टप्प्यात झाले. मग शुद्धीची तपासणी. यासाठी १९७४ साली ग्लासगो येथे तयार झालेली, ३ ते १५ गुणांची मोजपट्टी वापरतात. गुण ८ वा त्याहून कमी असल्यास बहुधा श्वासनलिकेत नळी घालावी लागते. शेवटी सर्व कपडे कापून पाठीपर्यंत अंग तपासायचे आणि लगेच पांघरूण घालायचे. गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. मध्येच प्रकृती बिघडली, तर पुन्हा पहिल्यापासून.

रक्ताविषयी दोन शब्द अवश्य लिहावेसे वाटतात. पूर्वी सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवीत. आता फार सलाईन दिल्याने रक्त पातळ होऊन गोठण्याची क्रिया बिघडते, हे कळले आहे. गेलेल्या रक्ताच्या जागी रक्तच हवे. नातेवाईक तत्काळ बाह्या वर करून उभे राहतात, परंतु त्यांचे रक्त तपासणी होऊनच वापरता येते. पहिली पिशवी कोणा अनोळखी दात्याने आधीच दिलेली असते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे एक स्वस्त इंजेक्शनही आहे. ४० देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवरील अभ्यासाने २०१० मध्ये दाखविले की, ते दिल्यास मृत्यू कमी होतात. मात्र ते पहिल्या तीन तासांतच द्यावे.

त्या तरुणाची शुद्ध हरपत चालली होती आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय आपल्याकडे नाही. दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठणे भाग होते. "मग आल्याबरोबरच का नाही पाठवलं?" हा प्रश्न आम्हांस नित्य विचारला जातो. छातीतील हवा न काढता रवाना केले असते, तर तो कळंबच्याही पुढे गेला नसता. याउलट, ज्या तपासणीच्या निष्कर्षावर आपल्याकडे उपचारच होणार नाहीत, तिच्यासाठी गाडी थांबविणे हेही चूकच. नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून, केलेल्या उपचारांचा कागद सोबत देऊन, रुग्णास त्याच रात्री पाठविले.

या काळात त्या वडिलांकडे कोणी अनामत रक्कम मागितली नाही. पूर्वी आमच्या खिडकीवर आधी केसपेपर, मग स्ट्रेचर अशी रीत होती, हे कबूल केले पाहिजे. तातडीच्या उपचारांस कायदेशीर सोपस्कारांसाठी विलंब लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले होते. २०१९ च्या दुरुस्तीने जखमीस मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातच संरक्षण मिळाले. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून रस्ते-अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्रीय योजना लागू झाली आहे.

राहता राहिले रस्त्यावरचे काम. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, मान वळवू नये, आणि जखमीला पाणी पाजू नये. हे शेवटचे आपल्याकडे फार जड जाते. मरत्या माणसाला पाणी नाकारणे पाप, असा आपला संस्कार. परंतु अर्धवट शुद्धीत ते पाणी वा उलटी फुप्फुसात उतरते. त्यापेक्षा त्याच्या अंगावर घोंगडी टाकावी.