नामाच्या डावीउजवीकडे

सातारा

चि. सई,


तुझा इंग्रजी निबंध वाचला. आजोबांच्या पानाच्या डब्यावर लिहावंसं तुला वाटलं, हेच मला फार आवडलं. पण डबा पानभर नुसता 'अ नाइस बॉक्स' राहिलाय. तो पितळी होता, गोल होता, जुना होता, झाकणाला पोचा होता, या एकेका गोष्टीसाठी तू एकेक वाक्य खर्ची घातलंस. हे सगळं एका नामाभोवती मावतं: 'अ स्मॉल ओल्ड राउंड ब्रास बॉक्स विथ अ डेंट इन इट्स लिड'. मग वाक्याचं क्रियापद मोकळं राहतं, आजोबा त्या डब्याचं काय करायचे ते सांगायला.

मराठीत आपण विशेषणाच्या गोष्टी नामाच्या आधी उरकतो: 'खिडकीत ठेवलेला पोचा आलेला डबा'. इंग्रजीत एकटे शब्द डावीकडे बसतात आणि शब्दांचे गट बहुतेक उजवीकडे जातात. 'ब्रास' आधी, 'विथ अ डेंट', 'ऑन द विंडोसिल', 'दॅट नोबडी एल्स टच्ड' हे नंतर. माझ्या वर्गातली हुशार मुलंसुद्धा या उजव्या बाजूला बिचकायची आणि वाक्यांचे तुकडे पाडायची. तुझंही तेच झालंय.

डावीकडचा क्रमही मनमानी नसतो. आधी आपलं मत, मग आकारमान, वय, घाट, रंग, मूळ ठिकाण आणि शेवटी द्रव्य, असा तो साधारण असतो. लेखक टॉल्किनने १९५५ साली कवी ऑडेनला लिहिलेल्या पत्रात एक आठवण आहे. सातेक वर्षांचा असताना त्याने ड्रॅगनची गोष्ट लिहिली. आई ड्रॅगनबद्दल काहीच बोलली नाही. 'अ ग्रीन ग्रेट ड्रॅगन' म्हणता येत नाही, 'अ ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणावं लागतं, एवढंच तिने सांगितलं. असं का, हे कोडं त्याला मोठेपणीही सुटलं नव्हतं. तेव्हा तूही यादी पाठ करत बसू नकोस. वाच भरपूर, कान तयार होतो. आणि एका नामाआधी तीनहून जास्त विशेषणं क्वचितच घाल. वर मी चार घातली ती तुला दाखवायला.

खरी मेख उजवीकडे आहे. तू लिहिलंस, 'द बॉक्स ऑन द टेबल दॅट माय ग्रँडफादर मेड'. आजोबांनी काय केलं, टेबल की डबा? मराठीत 'आजोबांनी केलेल्या टेबलावरचा डबा' आणि 'आजोबांनी केलेला टेबलावरचा डबा' यांत एका 'ल्या'ने निकाल लागतो. इंग्रजी विशेषणाला असे प्रत्यय नाहीत, तिथे सगळी भिस्त जागेवर. वाचणारा शेवटचा गट सहसा जवळच्या नामाला जोडतो. टेबलच म्हणायचं असलं, तरी इथे मी सरळ दोन वाक्यं करीन. नामाभोवती जे मावतं ते सगळं कोंबलंच पाहिजे असं नाही.

तुझी दुसरी चूकही याच घराण्यातली: 'द बॉक्स ऑफ बीटल लीव्ह्ज अँड नट्स वेअर ऑलवेज फुल'. भरलेला असायचा डबा, म्हणून 'वॉज'. 'पानसुपारीचा डबा' म्हणताना नाम शेवटी, क्रियापदाच्या शेजारी येतं, म्हणून मराठीत तू असं कधी चुकणार नाहीस. इंग्रजीत मुख्य नाम मागे राहतं आणि मध्ये 'लीव्ह्ज', 'नट्स' येऊन फसवतात. क्रियापद लिहिण्याआधी मागे जाऊन ते नाम शोधायचं, बोट ठेवून.

आणि हो, 'माय दॅट अंकल' खोड. 'माझा तो काका' आपल्याकडे चालतो. इंग्रजीत 'माय' आणि 'दॅट' एकाच जागेचे दावेदार, म्हणून 'दॅट अंकल ऑफ माइन'.

दुसरा परिच्छेद पुन्हा लिहून पाठव. 'नाइस' हा शब्द न वापरता. अडकित्ता मात्र अख्ख्या निबंधात कुठेच दिसला नाही, तो का गाळलास ते कळव.

तुझी,
मावशी